शांतता कोणाची? : मंडणगडचा परिसर आणि मराठी साहित्यातील लहान गाव

लहान गावाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात 'शांत' हे विशेषण इतक्या सहजतेने येते की ते विशेषण आहे याचाही वाचकाला विसर पडतो. शहर म्हटले की गजबज आणि गाव म्हटले की शांतता, ही जोडी आपण शाळेतल्या निबंधापासून पाठ केलेली असते. प्रस्तुत लेखात या एका शब्दाचीच थोडी तपासणी करावयाची आहे. गाव शांत आहे असे एखादा लेखक म्हणतो, तेव्हा तो कोठे उभा राहून म्हणतो? गावात राहून, की गाव सोडल्यानंतर? आणि त्या शांततेत ज्याचा आवाज ऐकू येत नाही, तो माणूस समाधानाने स्तब्ध आहे, गावातच नाही म्हणून ऐकू येत नाही, की त्याला बोलू दिले जात नाही म्हणून गप्प आहे? बाहेरून पाहणाऱ्याला या तिन्ही गोष्टी सारख्याच भासतात. त्या निरनिराळ्या करून दाखविणे हे साहित्याचे काम होय.

आपल्या साहित्याने ते कितपत केले आहे हे पाहण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा मंडणगड-दापोलीचा परिसर मी निवडला आहे. या चिमूटभर भूमीने मराठीला जेवढे लेखक आणि जेवढा मजकूर दिला, तेवढा फार थोड्या भागांनी दिला असेल.

१

मंडणगड हे तालुक्याचे गाव. इंग्रजी अमदानीत तो दापोली तालुक्याचा एक पेटा होता, म्हणून जुन्या लेखनात या भागाचा उल्लेख दापोलीच्या नावानेच आढळतो. गावाच्या माथ्यावर गड, तालुक्याच्या उत्तरेला सावित्री नदी, आणि नदी समुद्राला मिळते तेथे बाणकोट. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, परंतु तिचा मार्ग खेडवरून गेला. मंडणगडला आजही रस्त्याचाच आधार आहे. अलीकडे येथे नगरपंचायत आली, तरी बाजारपेठ, कचेरी, शाळा आणि एस.टी.चे आगार एवढ्यातच गावाचा दिवस उजाडतो आणि मावळतो.

आज शांत म्हणून वाखाणला जाणारा हा भाग नेहमीच असा नव्हता. बाणकोटचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला तो १७५६ च्या सुमारास, पेशवाई बुडण्याच्या साठ वर्षे आधी. स्कॉटिश मिशनचे पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल १८२३ साली बाणकोटला आले आणि त्याच वर्षी निवर्तले. पुढे ज्यांच्या नावाने मुंबईत महाविद्यालय उभे राहिले, त्या जॉन विल्सन यांनी १८२९ साली आल्यावर मराठीचे पहिले धडे गिरविले ते जवळच्या हर्णैला. नंतर सत्तेचे आणि मिशनचेही लक्ष मुंबई-पुण्याकडे वळले. बंदरे ओस पडत गेली. ज्याला आपण शांतता म्हणतो, तिचा एक भाग असा इतिहासाने मागे ठेवलेला आहे.

दुसरा भाग माणसांच्या जाण्याने तयार झाला. नाना फडणविसांचे मूळ गाव वेळास, मंडणगड तालुक्यातले. महर्षी कर्वे मुरूडचे, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्म करजगावचा, साने गुरुजी पालगडचे, श्री. ना. पेंडसे मुर्डीचे, ही सारी गावे दापोली तालुक्यातील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे, पुन्हा मंडणगड तालुक्यातले. या नावांचा आपण अभिमान बाळगतो आणि तो रास्तच आहे. परंतु यांतील प्रत्येकाचे कार्य हा परिसर सोडल्यानंतरचे आहे. थोरांची गोष्ट निघते म्हणून हे ध्यानात येते. सामान्य माणसेही त्याच वाटेने गेली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी घरगड्याच्या कामाला. खाडीकाठची मुसलमान मंडळी जहाजांवर, आफ्रिकेत, पुढे आखातात. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. देशाची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची घटली. त्याच २०११ साली येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, वाडी भरते, पालखी नाचते. ते गेले की पुन्हा सामसूम. जिला पाहुणा शांतता म्हणतो, ती मागे राहिलेल्या स्त्रीच्या लेखी वजाबाकी असते.

आता साहित्याकडे वळू.

२

'श्यामची आई' हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. कोकणातील लहान गावाचे मराठी मनातील चित्र घडविण्यात या पुस्तकाचा वाटा फार मोठा आहे. बेचाळीस रात्रींच्या या कथनाकडे आपण मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून पाहतो, आणि त्यात चूक काही नाही. मात्र ते स्तोत्र म्हणून वाचण्याची सवय जडल्यामुळे त्यातील गाव आपण वाचलेलेच नाही.

हे गाव शांत आहे काय? शेवटच्या दहा-बारा रात्री पुन्हा वाचाव्यात. कर्ज आहे, सावकाराचा तगादा आहे, आणि 'अब्रूचे धिंडवडे' या रात्री तर घरावरील जप्तीची गोष्ट दवंडीने गावभर होते. शहरातला कर्जबाजारी माणूस गर्दीत लपू शकतो. लहान गावात लपण्यास जागा नसते, कारण तेथे प्रत्येक दार प्रत्येकाला ठाऊक असते. श्यामच्या आईला मारले ते केवळ आजाराने नव्हे. गावाच्या नजरेनेही मारले. ती नजर मोठ्याने बोलत नाही, म्हणूनच बाहेरच्याला ती शांतता वाटते. धर्मगुरू म्हणून लहान गावात राहिलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही. तेथे कबुलीसाठी रांगेत उभे राहणाऱ्याला देवाच्या क्षमेची जितकी ओढ असते, तितकीच शेजाऱ्याने पाहिले तर काय म्हणेल याची धास्ती असते.

याच पुस्तकात 'देवाला सारी प्रिय' ही रात्र आहे. एका म्हाताऱ्या महार स्त्रीला डोक्यावरून पडलेली मोळी उचलता येत नाही; आई श्यामला ती उचलून देण्यास सांगते, आणि मग घरी येऊन स्नान करण्यासही सांगते. आपण या प्रसंगातील करुणा वाचतो. स्नान वाचीत नाही. गावाचे नियम न मोडता करता येईल तेवढी दया त्या माउलीने केली. परंतु त्या वृद्ध स्त्रीच्या मनात काय आले? मोळी घेऊन ती कोठल्या वाडीत गेली, तेथे तिने घरच्यांना काय सांगितले? पुस्तक तिच्यामागे जात नाही.

येथे साने गुरुजींना दोष द्यावयाचा नाही. हाच लेखक १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणास बसला. पालगडच्या वाटेवर जे स्नानाने संपले होते, ते पंढरपूरला प्राण पणाला लावण्यापर्यंत पोहोचले. या प्रवासासाठी गुरुजींना पालगड सोडावे लागले, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

३

पेंडशांचे गाव याहून निराळे. बी.ई.एस.टी.मधील नोकरी सांभाळून मुंबईत बसून त्यांनी दापोली-खेडचा मुलूख कादंबरीत उभा केला. 'गारंबीचा बापू' ही १९५२ सालची कादंबरी शांत गावाच्या कल्पनेला मराठीने दिलेला बहुधा सर्वांत जोरकस धक्का होय. वरवर पाहता गारंबी सुपाऱ्यांच्या बागांत निजलेली आहे. आत मात्र अण्णा खोतांचा दरारा आहे, कुजबूज आहे, आणि राधेशी संबंध जोडणाऱ्या बापूला धडा शिकविण्याची गावाची तयारी आहे. पेंडशांनी ओळखले की लहान गावात सत्ता ओरडत नाही. कोणाच्या ओटीवर कोणी बसावे, कोणाला पाणी विचारावे, कोणाच्या लग्नाला जाऊ नये, एवढ्यावर तिचे भागते. बापू ही शांतता मोडतो, म्हणूनच त्याचा दांडगटपणा वाचकाला मोकळ्या वाऱ्यासारखा वाटतो.

१९८७ साली आलेली 'तुंबाडचे खोत' ही द्विखंडात्मक कादंबरी जगबुडी नदीच्या काठावरील एका खोत घराण्याच्या चार पिढ्या सांगते. तिचा आवाका थक्क करणारा आहे. तरीही आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तिच्याकडे पाहिले असता एक मर्यादा जाणवते. खोतांचा अहंकार, वासना, दातृत्व, अधःपात यांची नोंद लेखक कमालीच्या बारकाईने करतो. कुळे येतात ती बहुधा खोतांच्या अंगणापर्यंत. कादंबरी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी क्वचितच जाते. खोतीमध्ये कुळांवर काय गुजरत होते, हे त्या काळच्या कोकणाला अज्ञात नव्हते. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १९३७ साली मांडले होते आणि १९४९ च्या कायद्याने ती नष्ट झाली. तुंबाडचा वाडा पडल्याचे दुःख आपल्याला कादंबरीने दिले. तो वाडा पडल्यावर कोणाला मोकळा श्वास घेता आला, ते कोणी लिहावयाचे?

४

या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडून मिळावे, त्या लेखकाने मंडणगड-दापोलीविषयी जवळजवळ काहीच लिहिलेले नाही, आणि माझ्या मते हेच या परिसराच्या साहित्यातील सर्वांत बोलके पान आहे.

डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आठवणीवजा लेखनात आपले घराणे मूळचे दापोली तालुक्यातले असल्याचे ते सांगतात. लष्करातून निवृत्त झाल्यावर वडील तेथे स्थायिक होण्यासाठी आले आणि पुढे बेत बदलून कुटुंबासह साताऱ्यास गेले, एवढीच हकिगत देऊन दापोली थोडक्यात संपते. पुढे येतो तो १९०१ च्या सुमाराचा प्रवास: वडिलांना भेटण्यास निघालेली मुले, जात कळल्यावर तोंड फिरविणारे गाडीवाले, आणि घोटभर पाण्यावाचून काढलेली रात्र. ना नदी, ना डोंगर, ना आंब्याचा मोहोर. ज्या भूमीविषयी इतरांना पानेच्या पाने सुचली, तिच्याविषयी या लेखकाला आठवण म्हणून सांगावेसे काही वाटले नाही. मातृभूमीच्या वर्णनाची हौस ही देखील एक मिळकत आहे, आणि ती सर्वांच्या वाट्याला येत नाही.

त्यांनी १९२० साली काढलेल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' होते. गावाची शांतता म्हणजे कोणाचे तरी मुकेपण, हे एका शब्दात सांगणारे याहून नेमके नाव मला माहीत नाही. १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला ते महाड याच सावित्रीच्या काठी, बाणकोटच्या वरच्या अंगाला आहे. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर कठोर टीका केली. ती टीका तर्कशुद्ध होती. तिच्यामागे हा खाडीकाठचा अनुभवही पिढ्यान्पिढ्यांचा होता.

त्याच सावित्रीची आणखी एक कथा आहे. १८५३ साली नदीच्या मुखाशी होडी उलटून ऑर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी आणि तान्हे मूल बुडाले. बाणकोटला त्यांचे स्मारक आहे, आणि महाबळेश्वरच्या कड्यावर बसून मॅलेट शोकाकुल नजरेने सावित्रीकडे पाहत असत म्हणून त्या जागेला ऑर्थर सीट म्हणतात, असे सांगितले जाते. त्या दुःखाची थट्टा कोणी करू नये. पण होडीबरोबर खलाशीही बुडाले. त्यांच्या बायकांनी नदीकडे कोठे बसून पाहिले, याची कथा मराठी साहित्यात माझ्या वाचनात आलेली नाही.

५

येथपर्यंतच्या विवेचनावरून गावात सारे वाईटच असते असा निष्कर्ष कोणी काढील, तर ते अर्धसत्य ठरेल. भीती, कुजबूज आणि मुकेपण यांच्याखाली लहान गावात खरी शांतताही असते. प्रश्न तिला ओळखण्याचा आहे. या बाबतीत ख्रिस्ती परंपरेकडे काही सांगण्यासारखे आहे.

फ्रेंच कादंबरीकार जॉर्ज बेर्नानोस यांची एका खेडेगावातील तरुण धर्मगुरूची रोजनिशी १९३६ साली प्रसिद्ध झाली. हा धर्मगुरू आपल्या धर्मग्रामाला शांत म्हणत नाही. त्याच्या मते ते कंटाळ्याने पोखरलेले आहे, आणि तो कंटाळा धुळीसारखा अंगावर साचत जातो. एवढे स्पष्ट निदान केल्यावर तो निघून जात नाही. लोकांचा संशय, टिंगल, स्वतःचा जीवघेणा आजार यांसह तो तेथेच राहतो, आणि शेवटी त्याच धुळीत त्याला कृपा गवसते. मराठी ग्रामीण साहित्यात बाहेरून येणारा साक्षीदार आहे. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला मास्तर हे त्याचे उत्तम उदाहरण. आठवण काढणारा पुत्रही आहे. बेर्नानोसच्या नायकासारखा निदान करून मुक्काम करणारा माणूस मात्र दुर्मीळ आहे.

आता नाझरेथचा विचार करू. जुन्या करारात ज्या गावाचे नावही नाही, त्या गावात प्रभू येशूने आयुष्याची तीसएक वर्षे काढली. ५ जानेवारी १९६४ रोजी पोप पॉल सहावे तेथे गेले असता त्यांनी नाझरेथपासून शिकावयाच्या धड्यांत मौनाला पहिले स्थान दिले. आपल्या अध्यात्मात नाझरेथची ही प्रतिमा सर्वांच्या परिचयाची आहे: सुताराची शाळा, विहीर, कष्ट, प्रार्थना, निवांतपणा.

पण शुभवर्तमान येथे थांबत नाही. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू त्याच गावी परत येतो, सभास्थानात उभा राहतो आणि बोलू लागतो. प्रथम लोक कौतुक करतात. हा तर आपल्या योसेफाचा मुलगा! मग तो परक्यांवरही देवाची कृपा झाल्याची आठवण करून देतो, सारफथच्या विधवेची आणि सिरियाच्या नामानाची. तेवढे पुरते. ज्यांनी त्याला अंगाखांद्यावर खेळविले, तीच माणसे त्याला गावाबाहेर काढून कड्यापर्यंत नेतात. नाझरेथची शांतता खरी होती. तो कडाही खराच होता. दोन्ही एकाच गावात होते, आणि शुभवर्तमानकाराने यांतले एक लपवून दुसरे सजविले नाही. लहान गावाविषयीच्या साहित्याला यापेक्षा चांगला कित्ता कोणता मिळणार?

होरेब पर्वतावरील एलियाची गोष्टही याच अर्थाने वाचता येते. वारा, भूकंप आणि अग्नी यांत परमेश्वर नव्हता. त्यानंतरच्या मंद स्वरात तो भेटला. आपण गोष्ट येथे संपवितो. ग्रंथात मात्र तो स्वर एलियाला तू येथे काय करतोस असे विचारतो, आणि ज्या लोकांच्या भीतीने तो पळून आला होता त्यांच्या दिशेने त्याला परत पाठवितो. खऱ्या शांततेची ही खूण म्हणता येईल: ती माणसाला प्रश्न विचारते आणि माणसांकडे धाडते. जी शांतता कोणताच प्रश्न विचारीत नाही, ती बहुधा आपली सोय असते.

६

आपल्या समाजाच्या लेखनाकडेही याच कसोटीने पाहावयास हवे. वसईसारख्या भागांत डोळ्यांदेखत वाड्या बुजल्या, विहिरी आटल्या आणि इमारती उठल्या. साहजिकच आपल्या कवितांत आणि ललित लेखांत हरवलेल्या शांत गावाचे विलाप आले. त्यांतील वेदना खरी आहे. परंतु हरवलेल्या गावाचे चित्र रंगविताना त्या गावात पंगतीच्या टोकाला कोण बसत असे, वाडीत राबणाऱ्या आदिवासी स्त्रीला कोणत्या दाराने आत घेतले जाई, मनाविरुद्ध लग्न झालेल्या मुलीचे रडणे कोणाच्या कानी गेले, हे आपण कितीदा लिहिले? आठवणीतले गाव इतके शांत का असते याचे उत्तर पुष्कळदा असे असते की आठवण काढणाऱ्याने इतरांना बोलू दिलेले नसते.

आणि आता तर शांतता विकत मिळू लागली आहे. कोकणात जमिनींच्या जाहिराती होतात त्या निवांतपणाच्या नावाने. यालाही चांगला अपवाद मंडणगड तालुक्यातच आहे. वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून कासवांच्या अंड्यांचे रक्षण होऊ लागले. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यास शहरातली माणसे येतात आणि ग्रामस्थांच्या घरी उतरतात. येथे पाहुणा निदान गावकऱ्याच्या हातचे जेवतो, त्याचे बोलणे ऐकतो. तरीही दोन दिवस राहून गेलेल्याने लिहिलेले गाव आणि पावसाळ्याचे चार महिने काढणाऱ्याने लिहिलेले गाव एक असू शकत नाही.

मंडणगडमध्ये राहणाऱ्यांनी काही रचलेच नाही असे नाही. जात्यावरच्या ओव्या, गौरीची गाणी, जाखडीतले सवाल-जवाब, नमन-खेळे हे सारे मागे राहिलेल्यांचे वाङ्मय होय, आणि ते मुळीच शांत नाही. त्यात सासुरवास आहे, टोमणे आहेत, देवाशी भांडण आहे. आपण त्याला लोकसाहित्य म्हणून वेगळ्या कपाटात ठेवले आणि शांत गावाचे वर्णन मुंबईहून मागविले.

गाव सोडणाऱ्यांनी लिहू नये असे मला सुचवावयाचे नाही. त्यांनी सोडले म्हणून तर साने गुरुजी आणि आंबेडकर आपल्याला मिळाले. अपेक्षा एवढीच की पुढचे पुस्तक आगारातल्या वाहकाने, आंबडव्याच्या शाळेतील शिक्षिकेने, बाणकोटच्या कोळणीच्या मुलीने लिहावे, आणि ते आले की त्यात शांतता सापडली नाही म्हणून आपण नाराज होऊ नये. नाझरेथकरांची चूक हीच झाली होती. आपल्या गावचा मुलगा गोड बोलेल अशी त्यांची समजूत होती. तो खरे बोलला, आणि त्यांना ते सोसले नाही.